एकदा विचारलं, "बरं" म्हटलं

आमच्या चर्चच्या रविवारच्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवते आहे, आणि त्यातला एक धडा मी सगळ्यात जास्त आवाज चढवून शिकवते. लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं आपल्याला वाटतं, अगदी तसंच आपण त्यांच्याशी वागायचं. प्रभूनं घालून दिलेला सुवर्ण नियम. मुलं तो घडाघडा म्हणतात आणि लगेच शेजारच्याच्या पाठीत गुद्दा घालतात, ते एक सोडा. मागच्या वर्षी एका चिमुरडीनं मात्र तो मनावर घेतला. तिला चॉकलेट आवडतं, म्हणून तिनं साखरेचा आजार असलेल्या आजोबांना अख्खं चॉकलेट भरवलं. तिची आई तणतणत माझ्याकडे आली. मी म्हटलं, "अहो, मी शास्त्र शिकवते. अक्कल घरी शिकवायची असते." बाई फणकाऱ्यानं निघून गेल्या.

मी स्वतः हा नियम काटेकोर पाळते, असा माझा पक्का समज होता. मला दुपारी एक ते चार कोणी बेल वाजवलेली खपत नाही, म्हणून मीही कोणाची वाजवत नाही. मला आग्रहाचा मनस्वी तिटकारा आहे. पोट भरलंय म्हणून ताटावर आडवा हात धरावा आणि समोरच्या बाईनं त्या हाताच्या फटीतून पोळी सरकवावी, की मला तिथल्या तिथे उठून जावंसं वाटतं. म्हणून मी कोणालाच आग्रह करत नाही. "चहा घेणार?" असं विचारायचं, समोरचा "नको" म्हणाला की "बरं" म्हणायचं, विषय संपला. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी. एका प्रश्नाला एक उत्तर. मोठ्या माणसानं नको म्हटलं तर त्याला नकोच असणार, त्याच्या शब्दाचा मान ठेवावा, यात चुकलं कुठे?

दीड वर्षापूर्वी वारज्यातल्या आमच्या इमारतीत, अगदी माझ्या दारासमोरच्या घरात एक जोडपं राहायला आलं. यवतमाळकडच्या खेड्यातलं. नवरा चाकणच्या कारखान्यात, कंपनीची बस पकडायला उजाडायच्या आत बाहेर पडायचा. बायको पंचविशीची, गोल चेहऱ्याची, दिवसभर एकटी. पहिल्याच दिवशी पाणी किती वाजता येतं ते विचारायला आली.

"चहा घेतेस?" मी विचारलं.

"नाई जी काकू. कायले तकलीफ."

"बरं," मी म्हटलं आणि पाण्याची वेळ सांगितली. ती तरी उभीच. मला कळेना, वेळ तर सांगून झाली, आता ही कशाची वाट बघतेय? जरा वेळानं "येतो मंग" म्हणून गेली. पुढल्या खेपेलाही तेच. "चहा?" "नाई जी." "बरं." असं दीड वर्षं चाललं. माझ्या घरात तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

आणि तिची तऱ्हा उलटी. बरोब्बर दीड वाजता, माझा डोळा लागतोय न लागतोय, तोच बेल. दारात ही, हातात वाटी. वाटीत वांग्याची भाजी, वर बोटभर तेलाचा तवंग. "घ्या न जी काकू, गरम हाय."

"अगं, नको. माझं जेवण झालंय."

"थोडीशीक घ्या." म्हणजे अख्खी वाटी. नको म्हटलं तर परत जाऊन भाकरीही आणायची. ती भाजी एकदा खाल्ली आणि कानातून वाफ निघाली माझ्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि संध्याकाळी ही विचारते, "आवडली न?" मी म्हटलं, "फार झणझणीत होती." तिला वाटलं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी दोन वाट्या आल्या! कपाळ माझं.

आता मनातलं सांगते, आणि सांगताना लाज वाटते. मला वाटायला लागलं, की हिला आमच्या घरचं चालत नाही. दारावर क्रूस आहे, भिंतीवर वचन आहे, हिला पहिल्याच दिवशी दिसलं असणार. देते भरभरून, पण घेत काही नाही. लहानपणी माझ्या एका मैत्रिणीकडे मला चहा मिळायचा तो वेगळ्या कपात. टवका उडालेला कप, न्हाणीघराच्या खिडकीत उपडा घातलेला. प्यायल्यावर मीच विसळून मीच परत तिथे ठेवायचा. त्या काकू बोलायला फार गोड होत्या, म्हणून जास्त लागायचं. पन्नासच्या वर वर्षं झाली, अजून मी टवका उडालेला कप घरात ठेवत नाही. तर ही पोरगी "नाई जी" म्हणाली, की मला ती खिडकी दिसायची. मग मी "बरं" जरा जास्तच तोडून म्हणायची.

तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, असं ठरलं होतं, तिकिटंही काढली होती. तेवढ्यात तिची आई अंगणात घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. आई खाटेवर, सासू आधीच देवाघरी गेलेली. म्हणजे बाळंतपण पुण्यात आणि जवळ बाईमाणूस एकही नाही. हे तिनं मला जिन्यात सांगितलं, हसत हसत, जसं काही दूध नासलं म्हणून सांगावं.

मी लगेच विचारलं, "दवाखान्यात मी येऊ का सोबतीला?" अगदी मनापासून विचारलं.

"नाई जी काकू. तुमाले कायले तकलीफ. हे येतीन न."

"बरं," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. आत येऊन चरफडले. चहा चालत नाही, तिथे माझी सोबत काय चालणार! मी आपलं माणुसकीनं विचारलं, माझं कर्तव्य झालं. प्रभू बघतोय.

पुढल्या रविवारी उपासना संपल्यावर मी हे गाऱ्हाणं पाळकीणबाईंपुढे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नीपुढे मांडलं. बाई मूळच्या अमरावतीकडच्या, पण पुण्यात इतकी वर्षं काढली की बोलण्यावरून कोणाला पत्ता लागायचा नाही. त्या मंडळीला चहा देत होत्या. मी सगळं सांगितलं, कपाचंसुद्धा. म्हटलं, "आजच्या काळात, बाई! शिकलेली मुलगी!"

त्यांनी किटली खाली ठेवली. "तुम्ही चहा किती वेळा विचारला?"

"दर वेळी विचारते."

"तसं नाही. एका वेळी किती वेळा?"

"एका वेळी एकदाच विचारणार ना!"

"एकदा?" पाळकीणबाईंनी कपाळावर हात मारला आणि दीड तपाची पुणेरी एका क्षणात गळून पडली. "काय बाप्पा! एकदा इचारल्यावर कोण हाव म्हणते? आमच्याकडं पहिल्या झटक्यात हाव म्हटलं त पोरीले वळण नाई म्हणतेत. तीनदा इचारा लागते. तिसऱ्यांदा नाई म्हणली त मंग नाई."

"मग पहिल्या दोन वेळा खोटं बोलायचं?"

"खोटं नाही हो, रीत आहे ती," बाई पुन्हा पुण्यात आल्या. "ती दीड वर्षं तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत दारात उभी राहतेय, आणि तुम्ही तिला पाण्याची वेळ सांगताय."

मी म्हटलं, मला आग्रह आवडत नाही, म्हणून मी तो कोणाला करत नाही, सुवर्ण नियमच आहे. त्यावर बाई म्हणाल्या, "तुमच्या मैत्रिणीच्या घरी, त्या कपापाशी उभ्या असताना, तुम्हाला काय वाटायचं? कोणी आग्रह करू नये असं?"

मला वाटायचं, कोणीतरी हात धरून आत न्यावं, आपल्या पाटाशेजारी पाट मांडावा आणि नको नको म्हणताना वाढावं. हे मला स्वच्छ आठवलं आणि चर्चच्या पायरीवर मी मठ्ठासारखी चहाचा कप धरून उभी राहिले.

बसनं घरी पोचले तेव्हा पावणेदोन वाजले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी एक ते चारच्या मध्ये दुसऱ्याची बेल वाजवली. ती घाबरून बाहेर आली. तिला वाटलं, कोणी गेलं.

"माझ्याकडे चल. चहा टाकते."

"नाई जी काकू, आताच घेतला."

"चल गं."

"कायले तकलीफ..."

"चल म्हणते ना!" हे मी तासावर गृहपाठ मागावा तशा आवाजात म्हटलं. ती चटकन चप्पल न घालताच निघाली.

दोन कप चहा प्यायली. पाच खाऱ्या खाल्ल्या. सहावीला "नाई" म्हणाली तेव्हा मी बोटं मोजत तीनदा विचारलं, तर तीही खाल्ली. मग मी मुद्द्यावर आले.

"दवाखान्यात मी येणार आहे."

"नाई जी, हे येतीन."

"तो येईल तेव्हा येईल. मी येऊ का?"

"तुमचे गुडघे दुखतेत, काकू."

"गुडघ्यांचं मी बघते. तिसऱ्यांदा विचारते आहे, नीट ऐक. मी येऊ का?"

तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. कप खाली ठेवला आणि पदरात तोंड घालून हमसून रडली. "मले लय भेव वाटते काकू. माय नाई जवळ. एकटी मेली त कोणाले समजन बी नाई." आई पडल्यापासून हे ती पोटात घेऊन जिन्यात माझ्याशी हसत होती. आणि मी दर वेळी तिच्या तोंडावर दार लावत होते. मला स्वतःचा इतका राग आला, की मी तिलाच ओरडले, "मग आधी सांगायला काय झालं होतं?"

नऊ-दहा दिवसांनी, मंगळवारी सकाळी अकराला कळा सुरू झाल्या. नवरा पाळीवर, कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे त्याला निरोप पोचेपर्यंत दुपार होणार. मी रिक्षा थांबवली. रिक्षावाले काका आधी विचारतात, "परतीचं भाडं मिळेल का?" म्हटलं, "अहो, परत येताना एक जण जास्तच असेल. चला!"

प्रसूतिगृहात तिला आत घेतलं आणि मला दारात अडवलं. एका बाईला सोबत राहू देतात, पण नात्यातलीच हवी. नर्स हातात कागद घेऊन उभी.

"तुम्ही पेशंटच्या कोण?"

शेजारीण, हे उत्तर खरं होतं. बावीस वर्षं मी मुलांना खरं बोला म्हणून सांगते आहे. आतून तिचा आवाज आला, "काकूऽऽ".

"आई," मी म्हटलं.

"आई? ती तर काकू म्हणतेय."

"एकत्र कुटुंब होतं. सगळी पोरं काकूच म्हणायची."

"आणि तिची बोली तिकडची, तुमची इकडची?"

"अहो, बाळ बाहेर येईपर्यंत माझी तोंडी परीक्षा घेणार आहात का?" नर्स बाजूला झाली. तीन उत्तरांत दोन शुद्ध थापा. प्रभूची माफी मी आत जाता जाताच मागून टाकली.

चार तास लागले. ती "माय वं, माय वं" करत होती, मी मोठ्यानं प्रार्थना करत होते, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, देवाला ऐकू येतं, जरा हळू." माझा उजवा हात तिनं असा पिळला, की पुढे आठवडाभर मला कणीक मळता आली नाही. मुलगी झाली. काळेभोर जावळ, आणि आवाज असा, की मला गप्पच बसावं लागलं. नवरा चारच्या सुमाराला कारखान्याच्याच कपड्यांत धावत आला आणि बाळाला बघायच्या आधी माझ्या पाया पडला. माझ्या दोन्ही पावलांवर ग्रीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यातून गोडसर, पुणेरी, बिनतिखटाची मऊ खिचडी नेली. ती "नाई जी" म्हणाली नाही. मुकाट्यानं खाल्ली आणि म्हणाली, "काकू, याच्यात मीठ-मिरची टाकाची राह्यली." नवरा औषधं आणायला गेला होता, बाळ झोपलं होतं. मला राहवेना. म्हटलं, एक सांगायचं आहे. आणि सांगितलं, की दीड वर्षं मला वाटत होतं, आम्ही ख्रिस्ती म्हणून तुला आमच्या घरचा चहा चालत नाही. तू नको म्हणालीस की मला राग यायचा, म्हणून मी दार लावून घ्यायची.

तिनं डोळे मोठे केले. मग म्हणाली, "अन् मले वाटे, आमी कोण्या जातीचे हाव ते काकूले समजलं. म्हणून त्या दुसऱ्यांदा बस म्हणत नाईत."

आधी तिला हसू फुटलं, मग मला, आणि मग मला रडूही यायला लागलं, ते थांबेना. पोट धरून ती कळवळत हसत होती. तेवढ्यात कालचीच नर्स आली.

"आजी, पेशंटला हसवू नका हो. टाके दुखतील तिचे."

मी म्हटलं, "हसवत नाहीये बाई. माफी मागतेय."