खुर्चीची जागा

आज सकाळी हे चहा घेऊन आले, ते रिकाम्या जागेला वळसा घालून. तिथे खुर्ची असायची. प्राण्यांच्या निवाऱ्यातून काही महिने सांभाळायला आणलेला आंधळा कुत्रा भुऱ्या तिलाच नाक लावून स्वयंपाकघराची वाट शोधायचा. म्हणून ऐन रस्त्यात असूनही ती आम्ही कधी हलवली नाही.

परवा भुऱ्याला कायमचं घर मिळालं. त्यासाठीच तर आणलं होतं त्याला. काल मी खुर्ची भिंतीला लावली. आपण घर डोळ्यांनी ओळखतो असं वाटतं, पण पायांची ओळख जास्त मुरलेली असते.

"भुऱ्याच्या नव्या घरच्यांना सांगितलंस ना, सामान हलवू नका म्हणून?" यांनी विचारलं.

"सांगितलं."

चहा संपवून यांनी खुर्ची पुन्हा मध्ये आणून ठेवली. मी कप उचलले आणि तिला वळसा घालून आत गेले.