रोंगाई ते ईस्टली, मधे पायी

“नैरोबीत बसमधून ही जाईल. हिचे वडील बसमध्ये कंडक्टर होते. हिच्या रक्तातच आहे ते.”

हॅनोव्हरच्या ऑफिसात, दहा माणसांसमोर, सर हे जर्मनमध्ये बोलले. सगळे हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला अजून किळस येते.

आमच्या कंपनीत शहरांच्या वाहतुकीचे आराखडे होतात. नैरोबीच्या कामावर सर प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. सर पुण्याचे. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला कॉफी पाजली. आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग हसत हसत, “गावात घर नेमकं कुठल्या बाजूला?” उत्तर मिळालं आणि कॉफी संपली. त्यानंतर ऑफिसातल्या सगळ्या मराठी मंडळींना सरांच्या घरच्या गणपतीचं आमंत्रण गेलं, मला सोडून. मला मोदकांची हाव नव्हती. पण मुद्दाम गाळलेलं माणसाला कळतं.

त्या मीटिंगनंतर त्यांनी मला मराठीत समजावलं, “अगं, वाईट नको वाटून घेऊ. तुम्हा लोकांना गर्दीची सवय असते. मला धुळीचा त्रास होतो.”

डॉक्टरेट सार्वजनिक वाहतुकीत, आणि बसमध्ये चढायचं म्हटलं की नाक गळतं. हलवायाला साखरेचं वावडं.

नैरोबीत आम्ही तीन आठवडे होतो. सरांनी ते शहर हॉटेलच्या गाडीतून पाहिलं, काचा वर करून. मी मटाटूतून पाहिलं. मटाटू म्हणजे तिथल्या खाजगी मिनीबस. बाहेर अंगभर चित्रं, आत कानठळ्या बसवणारी गाणी. वेळापत्रक नाही. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडतो, तेच वेळापत्रक. दक्षिणेच्या रोंगाईहून पूर्वेच्या ईस्टलीला मला थेट गाडी कधी मिळाली नाही. रेल्वे स्टेशनपाशी उतरायचं. मग बाजारातून, हातगाड्या चुकवत, पंधरा-वीस मिनिटं चालायचं, तेव्हा कुठे ईस्टलीच्या गाड्यांचा अड्डा येतो. म्हातारी माणसं चालतात, पोटुश्या बाया चालतात, डोक्यावर गाठोडं घेऊन चालतात. मी अकरा वेळा चालले.

एकदा गाडी गच्च भरलेली. एक बाई चढली, तिने आपलं पोर सरळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः उभी राहिली. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. पोराने माझ्या ओढणीला नाक पुसलं आणि झोपून गेलं. मला रडू आलं. मग त्या रडण्याचाच राग आला. एवढ्याशा गोष्टीने भरून यावं, इतकं कोणी मला उपाशी ठेवलं होतं?

परत आल्यावर अहवाल लिहिला. पायी चालण्याचं सगळं त्यात घातलं, चिखलासकट. सरांनी वाचला.

“हा पायी भाग काढ. नकाशा घाण दिसतो. सरळ रेष ओढ.”

“सर, तिथे थेट गाडीच नाही.”

“कोण बघायला जाणार आहे? आणि खाली सही कर. सर्व्हे तूच केलायस.”

म्हणजे कौतुक झालं तर सरांचं, आणि उद्या कोणी जाब विचारला तर सही माझी. हुशार माणूस.

मी सही केली नाही. पण बोललेही नाही. माझा व्हिसा नोकरीवर टांगलेला, आणि नोकरी सरांच्या शेऱ्यावर. रेष त्यांनी दुसऱ्याकडून ओढून घेतली.

प्रकल्पाला निधी देणाऱ्या संस्थेची माणसं आली त्या दिवशी पडद्यावर ती लाल रेष होती, रोंगाईपासून ईस्टलीपर्यंत अखंड. मला स्लाइड बदलायला बसवलेलं. त्यांच्यातल्या पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी विचारलं, “म्हणजे इथून इथवर एकाच गाडीने जाता येतं?”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” सर म्हणाले. “मी स्वतः गेलोय.” आणि माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे मीही डोलावावी.

मी त्यांच्याकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. एकदम लख्ख कळलं. या माणसाला मी दोन वर्षं घाबरत होते, आणि याला एक बस बदलता येत नाही.

“नाइन,” मी म्हटलं. “नाही जाता येत. मधे पायी जावं लागतं. मी अकरा वेळा गेलेय. सर मटाटूत एकदाही बसलेले नाहीत.”

कोणी हसलं नाही. बाईंनी वहीत लिहून घेतलं. आमचे जर्मन साहेब म्हणाले, यावर आपण नंतर बोलू.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सर मराठीवर आले. “शेवटी जात दाखवलीसच.”

“ती तर तुम्ही पहिल्याच दिवशी विचारून घेतली होती, सर.”

त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं आणि ते आत निघून गेले.

साहेबांचं ‘नंतर’ अजून आलेलं नाही. माझा करार संपत आलाय, वाढणार का ते कोणी सांगत नाही. मराठी मंडळी मला बघून दुसऱ्या जिन्याने जातात. खुशाल जावं.

काल मी पूर्ण अहवाल, पायी भागासकट, स्वतःच्या सहीने त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना पाठवला. सरांनाही प्रत पाठवली, लपवून काही केलं नाही. करार गेला तर जाऊ दे. जी माणसं तो रस्ता रोज तुडवतात, त्यांना मी नकाशावरून पुसणार नाही. व्हिसासाठी नाही, आणि सरांसाठी तर नाहीच नाही.