माझ्या नजरेखालून गेलंय

छापखान्यात त्याला सगळे भिंग म्हणत. मुद्रितं तपासायला बसला की डोळ्यांवर चष्मा, हातात भिंग आणि कानामागे तांबडी पेन्सिल. चौतीस वर्षं तीच खिडकी आणि तीच खुर्ची. खुर्चीचं रेक्झिन तीनदा बदललं, माणूस तोच राहिला.

त्याच्या वाचण्याची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी. कामाचा कागद तो उलटा वाचायचा. पानाचं शेवटचं वाक्य आधी, मग त्याच्या वरचं, असं करत करत पान चढून जायचा. अर्थाच्या नादी लागलं की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते, असं त्याला शिकवणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. एकदा महिनाभर तो एका कादंबरीवर मान मोडून बसला होता. बायकोने विचारलं, "काय आहे हो तिच्यात?" हा म्हणाला, "दोनशे बारा चुका."

घरचे कागद मात्र तो सरळ वाचायचा आणि दोनदा वाचायचा. हे कळल्यावर छापखान्यातला जो तो आपला कागद त्याच्यापुढे आणून ठेवू लागला. भाडेकरार, दवाखान्याचं बिल, मुलीच्या शाळेचा अर्ज. "भिंगाने वाचलंय ना? मग कर सही," हा तिथला कायदाच होऊन बसला होता. आणि खोटं कशाला बोला, भिंगालाही ते आवडायचं. पगार बेताचा, पद काही नाही. माणसाला कशाचा तरी मान लागतोच.

बारा वर्षांपूर्वी मालकाने हात वर केले. म्हातारपणाची सोय ज्याची त्याने बघावी, म्हणाला. तेव्हा पेन्शन कंपनीचा माणूस बिस्किटांचा डबा घेऊन आला. ही कंपनी छापखान्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तिची पत्रकं, तिचे अर्ज, सगळं इथेच छापलं जायचं. "वर्षाला तीनशे शुल्क, रक्कम कितीही वाढो," तो म्हणाला. "तुम्ही तर आमची घरची माणसं." भिंगाने अर्ज सरळ वाचला, दोनदा वाचला. तीनशेच लिहिलं होतं. त्याच्या शब्दावर अकरा जणांनी खाती उघडली.

त्यातला पहिला बाइंडर. भिंगाचा तीस वर्षांचा दोस्त. डिंक आणि कापणीयंत्र यांच्यात त्याची बोटं आखडून गेली होती. सकाळी अर्धा तास गरम पाण्यात धरल्याशिवाय वळत नसत. आयुष्यभर पुस्तकं शिवली, पण वाचता येत होतं ते अडखळत, बोट ठेवून. हिशोबाला मात्र पक्का. खात्यात आठ लाख झाले की काम सोडायचं, असं त्याने ठरवलं होतं, आणि त्याला आता चारच महिने उरले होते.

गेल्या वर्षी कंपनीची एक पुस्तिका तातडीने छपाईला आली. 'खातेदारांसाठी महत्त्वाची सूचना', बत्तीस पानं, मुंगीएवढी अक्षरं. संध्याकाळपर्यंत हवी होती. भिंगाने दुपारचा डबा तसाच ठेवला आणि डोळ्यांत तेल घालून ती तपासली. बाइंडरने दोन दिवस बसून तिला पिना मारल्या. आठवड्याने तीच पुस्तिका पाकिटातून प्रत्येकाच्या घरी पोचली.

"पाकीट आलंय रे कंपनीचं," बाइंडर चहा पिताना म्हणाला. "घेऊन येऊ उद्या?"

"कशाला? माझ्या नजरेखालून गेलंय ते."

"काही विशेष?"

"छे. नेहमीचंच."

बाकीच्यांनाही त्याने हेच सांगितलं. लबाडी नव्हती त्यात. बत्तीसच्या बत्तीस पानं आपण वाचलीत, हे त्याला पक्कं आठवत होतं. काय वाचलं हे आठवत नव्हतं, पण ते त्याला कुठल्याच पुस्तकाचं आठवत नसे. घरी स्वतःचं पाकीटही त्याने कपाटावर टाकून दिलं.

पाच महिन्यांनी बायको खात्याचा उतारा घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. ती तीस वर्षं दवाखान्याच्या औषधखोलीत होती; गोळी मोजल्याशिवाय पुढे सरकवायची नाही, हा तिचा स्वभाव.

"अहो, हे दर महिन्याला साडेबाराशे कोण नेतंय?"

"चूक असेल."

"तीन महिने सलग? एकसारखी?"

दुसऱ्या दिवशी तो अर्धी रजा टाकून कंपनीत गेला. काचेपलीकडच्या बाईंनी गोड आवाजात समजावलं. आता सपाट शुल्क नाही सर, जमा रकमेवर वर्षाला सव्वा टक्का. तुमचे बारा लाख आहेत, म्हणजे वर्षाला पंधरा हजार.

"मग मला नको. माझे पैसे काढून द्या."

"देऊ ना सर. फक्त तीन टक्के कापून. साठ दिवसांच्या आत कळवलं असतं तर काही कापलं नसतं."

"कोणी सांगितलं होतं मला?"

"पुस्तिका पाठवली होती सर, प्रत्येकाला." बाईंनी ड्रॉवरमधून एक काढली, अकरावं पान उघडलं आणि काचेखालून सरकवली. "छापील आहे."

"छापील आहे हे मला सांगता?" भिंगाचा आवाज असा चढला की रांगेतली माणसं वळून बघू लागली. "बाई, ही छापलीय आम्ही! आणि तुमचा माणूस आम्हाला घरची माणसं म्हणत होता!"

"कोण सर?"

तो माणूस कधीच नोकरी सोडून गेला होता. बिस्किटं खाल्ली त्यांची नावं कंपनीकडे होती, आणली त्याचं नव्हतं. यालाच केसाने गळा कापणं म्हणतात. रक्त निघत नाही, आवाज होत नाही, आणि वर नियमाप्रमाणे झालं म्हणायचं. ह्यांच्यासाठी चौतीस वर्षं डोळे फोडून घेतले, आणि ह्यांनीच आपल्याला गिळलं, असं भिंगाला वाटलं. रस्त्यावर उभं राहून त्याला रडू येईना आणि घरीही जाववेना. तो सरळ छापखान्यात आला.

तपासलेली प्रत वर्षभर जपून ठेवायची, ही छापखान्याची शिस्त. त्याने फडताळातून गठ्ठा ओढला. अकरावं पान काढलं.

पानावर एकच तांबडी खूण होती, आणि ती बरोबर त्या आकड्यावर. कंपनीकडून आलेल्या मजकुरात १२.५ टक्के असं पडलं होतं. भिंगाने भोवती गोल काढून समासात प्रश्नचिन्ह टाकलं होतं, आणि खाली त्याच्याच अक्षरात नोंद होती : 'फोन केला. १.२५ हवं.' आता त्याला तो फोनही आठवला. पलीकडचा माणूस म्हणाला होता, "वाचवलंत हो काका! हे असंच गेलं असतं तर लोकांनी ऑफिस डोक्यावर घेतलं असतं." त्या शाबासकीवर भिंग दिवसभर खूष होता. कशाचे साडेबारा आणि कशाचे सव्वा, हे त्याने विचारलं नव्हतं.

म्हणजे नुसता डोळ्यांखालून गेला नव्हता तो आकडा. त्याच्यावर बोट ठेवून त्याने तो साफ करून दिला होता, घशात अडकू नये म्हणून. स्वतःच्या आणि अकरा जणांच्या घशात. दिव्याखाली अंधार असतो हे त्याने हजार वेळा तपासलं असेल.

प्रत फाडून टाकावी, असं त्याच्या मनात येऊन गेलं. कोणाला कळलं नसतं. दोष कंपनीचा होताच, तेवढाच सांगून मोकळं होता आलं असतं. पण तीस वर्षं ज्याच्याबरोबर डबा खाल्ला, त्याला अर्धा कागद वाचून दाखवायचा? तो पान घेऊन मागच्या खोलीत गेला.

बाइंडर कडा कापत होता. भिंगाने सगळं सांगितलं. शुल्क सांगितलं, साठ दिवस सांगितले आणि शेवटी ते पान पुढे ठेवून खूण दाखवली. काहीच लपवलं नाही.

बाइंडरने यंत्र बंद केलं. हिशोबाला त्याला कागद लागला नाही. "राहिलो तर वर्षाला दहा हजार. निघालो तर चोवीस. म्हणजे अजून एक वर्ष काढायचं इथे." त्याने आपल्या बोटांकडे बघितलं. "ह्यांनी."

"चूक माझी आहे रे."

"चोर ते. तू कशाला होतोस?" बाइंडर म्हणाला. मग कापलेल्या कडा गोळा करत म्हणाला, "पण जन्मात एक तरी चूक राहू द्यायची होतीस. बोंब तरी झाली असती."

भिंगाला वाटलं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाइंडर घरून ते पाकीट घेऊन आला. कात्रीने कड कापून त्याने पुस्तिका बाहेर काढली, टेबलावर पहिलं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"दे इकडे, मी वाचतो," भिंग म्हणाला. "सरळ वाचतो. अर्थासकट."

"नको. मी वाचतो."

तो ओठ हलवत वाचू लागला. तिसऱ्या ओळीत एका लांबलचक जोडशब्दावर अडला. परत मागे आला, पुन्हा अडला. भिंग समोरच्या स्टुलावर बसून होता. तो शब्द त्याला उलटाही वाचता येत होता. बाइंडरने मान वर केली, त्याच्याकडे बघितलं, आणि काहीही न विचारता बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेलं.