सदतीस नंबरचा पाला

माझ्या नणंदेच्या पायाला जन्मापासून भिंगरी, म्हणून घरात तिचं नावच भिंगरी पडलं. जेवताना एक डोळा दाराकडे, भाजी शिजायच्या आत दहादा झाकण उचलून बघणार. अशा बाईला नोकरी मिळाली ती कुठे, तर जिथे थांबणं हेच मुख्य काम!

औषधी झाडांच्या प्रयोगशाळेत ती मदतनीस. पाला सावलीत वाळवायचा, कुटायचा, चार दिवस स्पिरिटमध्ये भिजवून गाळायचा. मग गरम पाण्यात गरगर फिरणाऱ्या काचेच्या चंबूत ते स्पिरिट उडवून टाकायचं. तळाला जो हिरवट चिकट थर उरतो तो अर्क. चंबूचं वजन करायचं, तासभर आणखी फिरवायचं, पुन्हा वजन करायचं. दोन्ही वजनं सारखी आली तरच समजायचं, स्पिरिट संपलं. मग तो अर्क बशीत वाढवलेल्या काळ्या आजाराच्या जंतूंवर घालायचा आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून मोजायचं, किती मेले, किती जगले. सहा वर्षांत छत्तीस झाडं झाली. जंतू मजेत.

आणि तोच आजार आमच्या घरात शिरला. माझा नवरा, म्हणजे तिचा दादा, सुतारकाम करतो. दोन महिने ताप हटेना, पोटात प्लीहा फुगून दगड झालेली. दवाखान्यात निदान झालं आणि रोज एक अशी तीस इंजेक्शनं लिहून दिली. सुई गेली की हा सहा फुटी माणूस कळवळायचा. उलट्या व्हायच्या, सांधे धरायचे, अन्नाचा वास नकोसा. त्याच्याकडे बघून माझाच जीव अर्धा व्हायचा. अकरावं इंजेक्शन झालं त्याच संध्याकाळी भिंगरी चप्पल न काढताच घरात घुसली.

"दादा, मेले! सदतीस नंबरच्या पाल्यानं सगळे मेले. एकही हलत नाही!"

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं मला झालं. तिनं लगेच बजावलं होतं, "अगं वहिनी, हे बशीतलं आहे. माणसाला द्यायला वर्षं लागतात." बजावलं हे खरं. पण बजावताना ती हसत होती आणि मला तेवढं हसूच दिसलं. तिनं नाव घेतलं ते झाड तर आमच्या मागच्या कुंपणालाच. सकाळी मी पाला उकळला आणि नवऱ्याला म्हणाले, "सुया पुरे झाल्या." हे मी म्हणाले, दुसऱ्या कुणी नाही. भिंगरीनं पातेलं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिलाही ते खरं व्हायला हवं होतं.

तीन आठवडे गेले. उलट्या थांबल्या, नवरा भाकरी मागून खाऊ लागला. सुया थांबल्यावर हे होणारच होतं, पण आम्ही सगळं श्रेय पाल्याला देऊन मोकळे.

तिकडे प्रयोगशाळेतल्या साहेबांनी तोच अर्क पुन्हा करायला सांगितला. या खेपेला भिंगरीनं वजन दोनदा केलं, आणि जंतू जिवंत राहिले. पाला शिळा असेल म्हणून तिनं ताजा आणला. तरी जिवंत. तेव्हा कुठे तिला आठवलं की पहिल्या खेपेला दादाच्या इंजेक्शनाची वेळ गाठायच्या नादात तिनं एकाच वजनावर चंबू उतरवला होता. मग तिनं पाला घातलाच नाही, नुसतं स्पिरिट जंतूंवर सोडून बघितलं. सगळे मेले.

साहेबांपुढे कबुली देऊन ती भर दुपारी पांढऱ्या कोटातच घरी आली. नवरा जेवत होता.

"दादा, ते पाल्यानं नाही मेले. अर्कात राहिलेल्या स्पिरिटनं मेले. चूक माझी आहे. ऊठ, दवाखान्यात चल."

"मला बरं वाटतंय ना!"

"वाटतंय. झालेला नाहीस."

"तूच नाचत आली होतीस."

"आले होते. आता रडत आलेय. चल म्हणते ना!"

मी तिला नाही नाही ते बोलले. अति घाई संकटात नेई, हे रस्त्यावरच्या पाटीवरचं वाक्यसुद्धा सोडलं नाही. तिनं दादाचा हात काही सोडला नाही.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. प्लीहा आणखी दोन बोटं वाढली होती.

"आधीची अकरा वाया गेली," ते म्हणाले. "आता पुन्हा पहिल्यापासून, पूर्ण तीस."

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांनी चष्मा काढला. "इंजेक्शनं बंद करायला कुणी सांगितलं?"

"मी," भिंगरी म्हणाली.

"प्रयोगशाळेत काम करता, आणि एवढी अक्कल नाही?" डॉक्टरांनी तिला उभी-आडवी झाडली. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

त्याला आत नेल्यावर मी बाकावर तिच्या शेजारी बसले. लाज वाटत होती, म्हणून आवाज चढला. "तू कशाला अंगावर घेतलंस?"

"उद्यापासून त्याला रोज तूच आणणार," ती म्हणाली. "इथल्या लोकांनी तुझ्यावर भरवसा ठेवायला हवा. माझ्यावर नाही ठेवला तरी चालेल."

चुकलं, एवढा एक शब्द मला म्हणायचा होता. तेवढ्यात आतून त्याचा ओरडण्याचा आवाज आला आणि आम्ही दोघी एकदमच उठलो.