चंदाची पोर

बडनेऱ्याच्या माळीपुऱ्यात माणिकबाईचं दोन खोल्यांचं घर. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. मागच्या तुकड्यात झेंडू, शेवंती लावायची आणि अमरावतीच्या फूलबाजारात नेऊन द्यायची. शेजारची चंदा तिची जिवाची मैत्रीण. चंदा काविळीनं गेली. तिचा नवरा कामाला म्हणून सुरतेला गेला, तो परतलाच नाही. तेव्हा लहानग्या अपेक्षाला माणिकबाईनं आपल्या घरी आणलं. कोणी सांगितलं नाही, तिनंही कोणाला विचारलं नाही.

दुसऱ्याचं लेकरू सांभाळणाऱ्याला सरकारकडून दरमहा थोडी मदत मिळते, असं अंगणवाडीताईकडून कळलं. माणिकबाईनं अर्ज केला. घर पाहायला कोणीतरी येईल, एवढंच सांगण्यात आलं.

दसरा तोंडावर आला आणि अपेक्षा तापानं फणफणली. तोडलेला झेंडू घरात ठेवून चालणार नव्हतं. माणिकबाईनं पोरीला गोळी दिली, बाहेरून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि ऑटो पकडला. बाजारात तिचं चित्त लागेना. मिळेल त्या भावात फुलं देऊन ती दुपारीच परतली. कुलूप जसंच्या तसं होतं. आत अपेक्षा शांत झोपली होती. ताप उतरलेला, कपाळावर ओल्या फडक्याची घडी. पोरीनंच ठेवली असेल, असं तिनं मनाला समजावलं.

दसरा झाल्यावर, अर्ज दिला होता त्या ऑफिसातून मोनाली नावाच्या मॅडमचा फोन आला.

"मावशी, तुमचं काम झालं. दसऱ्याआधी, पोरीला ताप होता त्या दिवशी मी येऊन गेले ना घरी. तुमच्या बहिणीनं सगळं सांगितलं."

"मले बहीण नाही बाई."

"अहो, पोरीच्या उशाशी बसल्या होत्या. दार उघडंच होतं. डाव्या हातावर भाजल्याचा डाग आहे त्यांच्या. मुलीला एकटी ठेवता का, विचारलं, तर म्हणाल्या, माणिक तिले कदीच एकटी सोडत नाही."

माणिकबाईनं फोन ठेवला. कढईतलं तेल उडून चंदाचा हात भाजला, तेव्हा कोरफड तिनंच लावली होती.

"त्या दिवशी कोन आल्तं वं माय?" तिनं अपेक्षाला विचारलं.

"आई. मले म्हणे, माणिकमावशीले सांगू नको. थे भेते."

पोरीला न्यायलाच आली असेल तर? माणिकबाई सैपाकघराच्या दारात उभी राहिली. "चंदे, चुकलं माह्यं. पण इले नेऊ नको." पाटावर टेकली, तर पाट गरम लागला, जणू कोणी आत्ताच उठून गेलं असावं.

पैसे सुरू झाले. त्यातून ती शेजारच्या पार्वताबाईला फुलं पोचवायची मजुरी देते. पोरगी आजारी असली की माणिकबाई घरीच.

पुढच्या वर्षी मोनाली पुन्हा आली. पाणी पिता पिता म्हणाली, "बहीण दिसत नाही?"

"गेली गावाले."

"नाही गेली," दप्तर भरत अपेक्षा म्हणाली.

मोनाली हसली आणि सही घेऊन निघाली. माणिकबाई मात्र आत वळली नाही. पोरीला जवळ घेऊन ऊन उतरेपर्यंत दारापुढच्या ओट्यावरच गजरे गुंफत बसली.