मिसेस पर्किन्सची सुझन

माझ्या बावळटपणाचं काय सांगू तुम्हाला! चहा घ्या आधी, मग पोटभर हसा.

आम्ही इंग्लंडात असतानाची गोष्ट. आमचे हे ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये. सकाळी गेले की अंधार पडल्यावर उगवायचे. रीडिंग गावातल्या त्या घरात मी भिंतींशी बोलायची तेवढी राहिले होते. म्हणून केअररची नोकरी धरली. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, औषधं द्यायची, सूप गरम करायचं. ती नोकरी सुटली असती तर मला वेडच लागलं असतं, खरं सांगते.

एजन्सीचा नियम कडक. पोचल्या पोचल्या त्यांच्याच घरच्या फोनवरून ऑफिसला नंबर लावायचा, आपला कोड दाबायचा. निघताना परत तेच. मशीन वेळ टिपणार, तिथून त्या घराचा अर्धा तास सुरू. फोन झाल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही!

आणि आमच्या मिसेस पर्किन्स! मी दारात शिरले की यांच्या कानाला फोन. "माझी सुझन आहे गं, ऑस्ट्रेलियाहून. बस ना, डिअर."

आता वडीलधारं माणूस लेकीशी बोलतंय, त्याला 'फोन ठेवा' कसं म्हणायचं? मी आपली बसायची. वर मध्येच तोंड घालायची! "सुझनला हॅलो सांगा हं." त्या सांगायच्या. "ती विचारतेय, तुझा खोकला कसा आहे?" मी खूश! अहो, त्या सुझनला मी रव्याच्या लाडवांची रेसिपीसुद्धा दिली, पाक बिघडू नये म्हणून दोनदा!

यात अर्धा-पाऊण तास जायचा. तिकडे पुढच्या घरचे आजोबा उपाशी. शेवटी ऑफिसातली ट्रेसी म्हणाली, "वैशाली, रोज उशीर. आणखी एकदा झालं तर तुला काढावं लागेल."

दुसऱ्या दिवशी धीर केला. "मीच सुझनला सॉरी म्हणते," म्हणत रिसीव्हर हातातून घेतला. पलीकडून एक बाई म्हणाली, "प्लीज हँग अप अँड ट्राय अगेन."

मी निमूट फोन ठेवला. वर मिसेस पर्किन्सना म्हणते कशी, "तुमची लेक फारच फटकळ हो!" त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मी थेट ट्रेसीकडे तक्रार नेली. सुझन माझ्यावर डाफरली म्हणून!

ट्रेसी म्हणाली, "त्यांना मूलबाळ नाही, वैशाली. तू ऐकलीस ती टेलिफोनची टेप, नंबर न लावता रिसीव्हर धरून ठेवला की वाजते. तू कोड दाबलास की तुझा अर्धा तास सुरू होतो. त्या तो सुरूच होऊ देत नव्हत्या."

खरं तर मला रडू यायला हवं होतं. मला आला राग! ऑफिसभर हसं झालं ना माझं.

दुसऱ्या दिवशी तरातरा गेले, आधी फोन हातात घेतला. कोड, गोळ्या, सूप, कोड. त्या म्हणाल्या, "आज थंडी आहे, नाही?" मी नुसतं "हं" केलं आणि कोट चढवला.

संध्याकाळी ट्रेसीचा फोन. "शाब्बास, आज अगदी वेळेत! तुझी नोकरी पक्की. फक्त मिसेस पर्किन्सकडे आता जाऊ नकोस."

"का गं?"

"त्यांनी स्वतः फोन करून दुसरी केअरर मागितली. म्हणाल्या, मुलगी कामाला चोख आहे, पण भारी माणूसघाणी!"