आरोपीची खुर्ची

सरकारी वकिलीतून निवृत्त झाल्यावर मी इंदुरात पोलिसांत नव्याने भरती झालेल्यांना अटकेचा कायदा शिकवायला जात असे. अटकेचं कारण सांगा, घरच्यांना कळवा, चोवीस तासांत न्यायालयापुढे हजर करा. मुलं हुशार होती, कलमं घडाघडा म्हणत. म्हणून एकदा वर्गातच अटकेचा सराव घेतला. टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या मांडल्या, एक अधिकाऱ्याची आणि एक आरोपीची.

आरोपी झाला तो तुकोगंजातल्या मराठी घरातला मुलगा. आईवडील दोघंही शिक्षक, भरतीआधी त्याने ठाणं आतून पाहिलंही नव्हतं. तो आला आणि खुर्ची सोडून भिंतीपाशी उकिडवा बसला.

"तुला खाली बसायला कोणी सांगितलं?" मी चिडूनच विचारलं.

"कोणी नाही, मॅडम. मी आरोपी आहे ना."

वर्गात कोणी हसलं नाही. कुणाला त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं. मी त्याला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं, आरोपीला जमिनीवर बसवा असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही हे सगळ्यांना बजावलं आणि पुढच्या जोडीला बोलावलं.

या अधिकाऱ्याने एकही चूक केली नाही. अटकेचं कारण नीट समजावलं, "घर पे किसको खबर करें?" असं अदबीने विचारलं. त्याचा आरोपीही मान वर करून नीट उत्तरं देत होता, जमिनीवरून. आरोपीच्या खुर्चीवर या अधिकारी साहेबांनी आपली टोपी ठेवली होती.